शत्रूंची यादी लांबत गेली तेव्हा: अल्जेरियातल्या ‘जीआयए’ची गोष्ट

1990 च्या दशकात अल्जेरियात यादवी युद्ध झालं. त्यात एक ते दोन लाख माणसं मेली असं साधारणपणे मानलं जातं. मारणारे मुसलमान होते आणि मरणारेही जवळपास सगळे मुसलमानच. शाळेतले मास्तर, पत्रकार, पोलीस शिपाई, मशिदीतले इमाम, शेतकरी, हिजाब न घालणाऱ्या मुली आणि पुढे पुढे हिजाब घालणाऱ्याही. या युद्धातल्या सगळ्यात कडव्या संघटनेचं नाव होतं ‘सशस्त्र इस्लामी गट’. फ्रेंच आद्याक्षरांवरून जग तिला ‘जीआयए’ म्हणून ओळखतं.

आता तुम्ही म्हणाल, आपला आणि अल्जेरियाचा काय संबंध? लंडनला राहत असाल तर फिन्सबरी पार्कजवळच्या ब्लॅकस्टॉक रोडवरचे अल्जेरियन कॅफे तुम्ही पाहिले असतील. पॅरिस किंवा माँट्रियलला असाल तर कॉलेजात, ऑफिसात एखादा अल्जेरियन मित्र असेल. त्याचे आईवडील तिथे का आले, असं विचारलंत तर उत्तर बऱ्याचदा याच दहा वर्षांपाशी जाऊन थांबतं. आणि दुसरं असं, की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘ते सगळे सारखेच’ असा फॉरवर्ड आला की आपल्यापैकी अनेकांना काय बोलावं ते सुचत नाही. काकांशी वाद घालायचा नसतो आणि गप्पही बसवत नाही. कॉलेजातल्या मित्रांमध्ये याच्या उलट अडचण असते. तिथे ‘सगळा दोष सरकारचाच’ असं म्हटलं की विषय संपतो. अल्जेरियाची गोष्ट नीट समजून घेतली तर या दोन्ही वाक्यांत काय चुकतं ते दिसतं.

गोष्ट गुंतागुंतीची आहे, पण क्रमाने गेलो तर अवघड नाही.

भिंतीला टेकलेली पोरं

अल्जेरिया 1962 मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. त्याआधी 1954 पासून आठ वर्षं भयंकर लढाई झाली होती. ती लढणारा पक्ष म्हणजे एफएलएन. स्वातंत्र्यानंतर देशात हाच एकमेव पक्ष उरला आणि त्याच्या मागे उभं राहिलं लष्कर. सौदा सरळ होता. सरकार तेल आणि गॅस विकणार, त्या पैशातून शाळा, दवाखाने, नोकऱ्या देणार आणि लोकांनी राजकारणाचे प्रश्न विचारायचे नाहीत.

1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि हा सौदा मोडला. शिकलेल्या पोरांना नोकऱ्या मिळेनात. घरं इतकी अपुरी, की एका खोलीत आठ-दहा माणसं. दिवसभर भिंतीला टेकून उभं राहणाऱ्या या पोरांना अल्जेरियन लोक ‘हित्तिस्त’ म्हणू लागले. अरबीत ‘हित’ म्हणजे भिंत, त्याला फ्रेंच शेपूट जोडलं. आपल्याकडे कट्ट्यावरची पोरं म्हणतात ना, तसंच, फक्त त्या शब्दात मजा कमी आणि कडवटपणा जास्त.

ऑक्टोबर 1988 मध्ये ही पोरं रस्त्यावर उतरली. दुकानं, सरकारी कचेऱ्या फोडल्या. लष्कराने गोळ्या चालवल्या आणि शेकडो माणसं मेली. स्वातंत्र्याच्या लढ्यातून आलेल्या सैन्याने आपल्याच पोरांवर गोळी झाडली, ही गोष्ट लोक विसरले नाहीत. राष्ट्राध्यक्ष शादली बेंजदीद यांनी मग दार किलकिलं केलं. 1989 मध्ये नवी राज्यघटना आली आणि इतर पक्षांना परवानगी मिळाली.

त्याच वर्षी ‘इस्लामिक सॅल्व्हेशन फ्रंट’ हा पक्ष स्थापन झाला. फ्रेंच संक्षेपाने ‘फिस’. नेते दोन होते. अब्बासी मदनी हे वयस्क, प्राध्यापक, जरा जपून बोलणारे. अली बेल्हाज हा तिशीतला इमाम, त्याच्या भाषणांना तरुणांची तुडुंब गर्दी. एकाच पक्षात दोन भाषा होत्या. मदनी निवडणुकीची भाषा बोलत, तर लोकशाही ही धर्माविरुद्धची गोष्ट आहे असं बेल्हाज उघड सांगे. म्हणजे फिस हा लोकशाहीवादी पक्ष होता आणि त्याच्यावर अन्याय झाला, एवढीच गोष्ट सांगणं अर्धवट ठरेल. पण हा पक्ष लोकांमध्ये होता हेही खरं. मोहल्ल्यातल्या मशिदीभोवती त्याने मदतीचं जाळं विणलं. भूकंप झाला की सरकारी गाडीआधी याचे कार्यकर्ते पोचत.

जून 1990 च्या स्थानिक निवडणुकांत फिसला निम्म्याहून जास्त मतं पडली. 26 डिसेंबर 1991 ला संसदेच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. 430 पैकी 188 जागा फिसने तिथल्या तिथे जिंकल्या. एफएलएनला वीसही मिळाल्या नाहीत. एक तपशील मात्र बातम्यांत हरवतो. फिसला मिळालेली मतं होती सुमारे 32 लाख, आणि नोंदलेले मतदार होते 1 कोटी 30 लाखांच्या घरात. दीड वर्षात पक्षाची मतं दहा लाखांच्या आसपास घटली होती. सगळा अल्जेरिया हिरव्या झेंड्यामागे उभा होता असं नाही. बरेच जण घरीच बसले होते.

11 जानेवारी 1992

दुसरी फेरी 16 जानेवारीला व्हायची होती. ती झालीच नाही. 11 जानेवारीला लष्कराने बेंजदीद यांना राजीनामा द्यायला लावला आणि निवडणूक रद्द केली. फेब्रुवारीत आणीबाणी आली, मार्चमध्ये फिसवर बंदी. हजारो कार्यकर्त्यांना उचलून सहारा वाळवंटातल्या छावण्यांत डांबलं. मदनी आणि बेल्हाज तर आधीच्या जूनपासूनच तुरुंगात होते.

या निर्णयाचं समर्थन करणारे अल्जेरियन आजही भेटतील. त्यांचं म्हणणं असं, की फिस सत्तेवर आला असता तर पुढची निवडणूक झालीच नसती. या भीतीला आधार नव्हता असं म्हणता येत नाही. पण परिणाम काय झाला ते बघा. ‘मतपेटीने काही होत नाही, बंदूकच लागते’ असं म्हणणारा छोटा गट आधीपासून होता. कालपर्यंत त्याला कुणी विचारत नव्हतं. लष्कराने एका दिवसात त्याचं म्हणणं खरं करून दाखवलं.

हा छोटा गट कुठून आला होता? एक धागा जुना होता. 1980 च्या दशकात मुस्तफा बुयाली नावाच्या माणसाने डोंगरात सशस्त्र टोळी उभी केली होती. 1987 मध्ये तो मारला गेला, पण त्याची माणसं उरली. दुसरा धागा अफगाणिस्तानचा. सोव्हिएत सैन्याशी लढायला पेशावरमार्गे गेलेले अल्जेरियन तरुण परत येत होते. त्यांच्याकडे लढाईचा अनुभव होता आणि घरच्या समाजाशी नातं पातळ झालं होतं. नोव्हेंबर 1991 मध्ये, म्हणजे निवडणुकीच्याही आधी, ग्वेमार इथल्या सीमेवरच्या चौकीवर अशाच एका टोळीने हल्ला केला होता. लष्कराने निवडणूक रद्द केली म्हणूनच हिंसा जन्मली असं म्हणता येत नाही ते यामुळे. ती आधी होती, पण एकटी होती. जानेवारी 1992 नंतर तिला हजारोंनी पोरं मिळाली.

जीआयए म्हणजे नक्की कोण?

1992 च्या उत्तरार्धात अल्जियर्सच्या आसपासच्या काही टोळ्या एकत्र आल्या आणि 1993 च्या सुरुवातीला अब्देलहक लायादा हा जीआयएचा पहिला ‘अमीर’ झाला. इथे अमीर म्हणजे श्रीमंत नव्हे बरं का, अमीर म्हणजे प्रमुख, हुकूम देणारा. जीआयए ही एका छताखालची फौज कधीच नव्हती. मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या, तालुक्यातालुक्यातल्या टोळ्या, प्रत्येकीचा आपला अमीर आणि वर एक राष्ट्रीय अमीर. वरचा माणूस टिकतही नसे. लायादा काही महिन्यांतच मोरोक्कोत पकडला गेला. त्याच्यानंतर आलेला माणूस फेब्रुवारी 1994 मध्ये मारला गेला, त्याच्यानंतरचा शरीफ गुस्मी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. अनुभवी माणूस जायचा आणि जास्त कडवा माणूस यायचा.

फिसपासून जीआयए वेगळी कुठे पडते? फिसवाल्यांचं म्हणणं असं: आम्ही जिंकलो होतो, आमचा विजय परत द्या. ते शस्त्र उचलायचे तेही वाटाघाटीच्या टेबलावर परत येण्यासाठी. जीआयएचं म्हणणं वेगळं होतं. ना संवाद, ना शस्त्रसंधी, ना समेट. निवडणूक रद्द झाली याचं तिला दुःख नव्हतं, कारण निवडणूक हीच मुळात तिला पाप वाटत होती. त्यामुळे तिला सरकारकडून काही मागायचंच नव्हतं. ज्याला काहीच मागायचं नाही त्याच्याशी बोलायचं तरी काय?

यादी

कुठल्याही सशस्त्र गटाबद्दल वाचताना तुम्ही एक यादी करून बघा: हा गट कुणाला मारणं योग्य समजतो? आणि ती यादी दरवर्षी कशी बदलते? जीआयएची यादी अशी लांबत गेली.

सुरुवात सैनिक आणि पोलिसांपासून झाली. साधी कॉन्स्टेबलची नोकरी करणारा पोरगा रात्री घरी झोपायला घाबरू लागला.

1993 मध्ये लेखक, पत्रकार, डॉक्टर, प्राध्यापक यादीत आले. कवी आणि कादंबरीकार ताहर जाऊत यांना मे 1993 मध्ये घराबाहेर गोळ्या घातल्या. जूनच्या सुरुवातीला ते गेले. पुढच्या वर्षी ओरान शहरात नाटककार अब्देलकादर अलुला मारले गेले आणि सप्टेंबरमध्ये त्याच शहरात राई संगीताचा लाडका गायक शेब हस्नी. तो प्रेमाची गाणी गायचा. कट्ट्यावरच्या, म्हणजे भिंतीला टेकलेल्या पोरांचा तो हिरो होता.

1993 च्या शेवटी परदेशी नागरिक आले. 1 डिसेंबरपर्यंत देश सोडा, असं बजावण्यात आलं. त्याच महिन्यात तमेझगिदा इथे क्रोएशिया आणि बोस्नियातल्या 12 कामगारांचे गळे चिरले.

1994 मध्ये शाळा आल्या. मुलामुलींनी एकत्र शिकायचं नाही, संगीत नको, मुलींना खेळाचा तास नको, नाहीतर शाळाच बंद. शेकडो शाळा जाळल्या गेल्या. आईबापांनी तरीही मुलांना शाळेत पाठवलं. त्या काळातलं सगळ्यात मोठं धाडस कोणतं, असं अल्जेरियन माणसाला विचारलंत तर तो कदाचित हेच सांगेल.

डिसेंबर 1994 मध्ये युद्ध समुद्रापार गेलं. अल्जियर्सच्या विमानतळावर एअर फ्रान्सचं विमान चौघांनी पळवलं. तीन प्रवासी मारले आणि मार्सेयला फ्रेंच कमांडोंनी विमानात घुसून चौघांना ठार केलं. 25 जुलै 1995 ला पॅरिसच्या सां-मिशेल स्टेशनात लोकल ट्रेनमध्ये बॉम्ब फुटला, 8 माणसं गेली. अपहरणाचा आदेश देणारा आणि बॉम्बस्फोटांच्या मागे असलेला अमीर म्हणजे जमाल झितूनी, गुस्मीनंतर आलेला. त्याआधी तो बापाच्या दुकानात कोंबड्या विकायचा.

आणि मग यादीत आपलेच आले. मे 1994 मध्ये फिसचे काही नामवंत नेते, मोहम्मद सईद आणि अब्देर्रझाक रज्जाम, मोठ्या गाजावाजाने जीआयएत सामील झाले होते. विरोध करणाऱ्या इतर फिस कार्यकर्त्यांनी त्याच उन्हाळ्यात आपली वेगळी फौज काढली, ‘इस्लामिक सॅल्व्हेशन आर्मी’, संक्षेपात एआयएस. तिचा प्रमुख मदनी मेझराग. झितूनीच्या जीआयएने एआयएसशी उघड लढाई सुरू केली. जुलै 1995 मध्ये फिसचे एक संस्थापक, वृद्ध इमाम अब्देलबाकी सहरावी यांचा पॅरिसमधल्या त्यांच्या मशिदीत खून झाला. त्याच वर्षाच्या शेवटी सईद आणि रज्जाम यांना जीआयएने स्वतःच संपवलं. ज्यांना वाजतगाजत आत घेतलं, त्यांनाच दीड वर्षात गद्दार ठरवून मारलं.

मार्च 1996 मध्ये तिबहिरीन गावच्या मठातून सात फ्रेंच ख्रिस्ती साधूंना पळवलं. मे महिन्यात त्यांना मारल्याचं पत्रक जीआयएच्या नावाने निघालं. हे साधू गावातल्या मुसलमानांना औषधपाणी करायचे. त्यांच्यावरचा फ्रेंच सिनेमा 2010 मध्ये कान महोत्सवात गाजला. त्यांच्या मृत्यूबद्दल फ्रान्समध्ये वर्षानुवर्षं न्यायालयीन चौकशी चालली, कारण लष्कराचाही हात असल्याचा संशय गेला नाही.

इथे लंडनचा एक दुवा आहे. जीआयएच्या समर्थकांचं ‘अल-अन्सार’ नावाचं पत्रक लंडनहून निघायचं. त्याच्यामागे अबू कतादा, अबू मुसाब अल-सूरी असे जहाल मंडळींमध्ये वजन असलेले लोक होते. जून 1996 मध्ये त्यांनीच जीआयएचा पाठिंबा काढून घेतला. जगातल्या सगळ्यात कडव्या विचारवंतांनाही हे जास्त झालं, यावरून अंदाज करा. पुढच्याच महिन्यात झितूनी मारला गेला, तोही इस्लामी विरोधकांकडूनच.

गावं

झितूनीनंतर अंतर झुआब्री आला आणि यादी शेवटच्या टप्प्यावर पोचली. इथे ‘तकफीर’ हा शब्द समजून घ्यायला हवा. तकफीर म्हणजे स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्या माणसाला ‘तू मुसलमान नाहीस’ असं जाहीर करणं. आपल्याकडच्या वाळीत टाकण्यासारखं वाटेल, पण फरक मोठा आहे. वाळीत टाकलेल्याचं पाणी तोडायचे. या लोकांच्या हिशोबात तकफीर झालेल्याचा जीव घेणं रास्त ठरत होतं. इस्लामी धर्मशास्त्रात सामान्य माणसाने असा निवाडा देऊ नये यासाठी शतकानुशतकं कडक अटी घातलेल्या आहेत. झुआब्रीच्या जीआयएने 1997 मध्ये जवळजवळ सगळा अल्जेरियन समाजच धर्माबाहेर ठरवला. जो आमच्या बाजूने लढत नाही तो गेला.

अल्जियर्सच्या दक्षिणेला मितिजा नावाचं सुपीक मैदान आहे, संत्र्यांच्या बागांचं. 29 ऑगस्ट 1997 च्या रात्री तिथल्या राईस गावात आणि 22 सप्टेंबरच्या रात्री बेन्तल्हामध्ये टोळ्या शिरल्या. घरोघर जाऊन कुऱ्हाडी, सुऱ्यांनी माणसं मारली. लहान मुलंही सोडली नाहीत. सरकारने राईसमध्ये 98 आणि बेन्तल्हामध्ये 85 मृत्यू सांगितले. वाचलेल्यांच्या मते आकडा याच्या कितीतरी पट होता. बेन्तल्हाच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलबाहेर आक्रोश करणाऱ्या एका बाईचा फोटो होसीन झाऊरार या अल्जेरियन छायाचित्रकाराने काढला. त्याला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला.

ही गावं कोणती होती हे महत्त्वाचं. 1991 मध्ये फिसला भरभरून मतं देणारी. सुरुवातीला टोळ्यांना भाकरी आणि निवारा देणारी. मग मारायचं कशाला? राज्यशास्त्रज्ञ स्टॅथिस कॅलिव्हास यांनी याचं एक उत्तर मांडलं आहे. जिथे टोळीची पकड ढिली होत होती, लोक हळूहळू सरकारकडे झुकत होते, गावरक्षक दलात नावं घालत होते, तिथे ही कत्तल झाली. बाजू बदललीत तर काय होईल, हे दाखवायला. म्हणजे वेडेपणासारख्या दिसणाऱ्या हिंसेच्या आतही एक थंड हिशोब होता.

लोक झुकत का होते, याचं उत्तर धर्मापेक्षा रोजच्या जगण्यात सापडतं. सुरुवातीला मोहल्ल्यातला अमीर म्हणजे पोलिसांना नडणारा आपला पोरगा होता. दोन वर्षांत तोच दुकानदाराकडून हप्ता घेऊ लागला, ट्रकवाल्याकडून टोल, गावातून मुली उचलू लागला. अल्जेरियाचे अभ्यासक लुई मार्टिनेझ यांनी दाखवून दिलंय, की युद्ध हाच काहींचा धंदा झाला. कट्ट्यावरच्या पोराला पैसा, मान आणि बंदूक एकदम मिळाली, ती तो सोडेल कशाला?

आणि सरकार?

आता दुसरी बाजू. बेन्तल्हाच्या आसपास लष्कराच्या छावण्या होत्या. कत्तल तासन्‌तास चालली. सैनिक आले नाहीत. वाचलेल्यांनी हा प्रश्न वारंवार विचारला. अल्जेरियात आणि फ्रान्समध्ये त्याला एक नाव पडलं: ‘कोण कुणाला मारतंय?’ गुप्तहेर खात्याने जीआयएत माणसं घुसवली होती, हे कुणी फारसं नाकारत नाही. पण काही जण पुढे जाऊन म्हणतात, की झितूनी हाच खात्याचा माणूस होता. हबीब सुआइदिया या माजी लष्करी अधिकाऱ्याने 2001 मध्ये फ्रान्समध्ये पुस्तक लिहून सैन्यावर थेट खुनांचे आरोप केले. 1992 च्या बंडामागचे जनरल खालिद नेझ्झार यांनी त्याच्यावर पॅरिसमध्ये बदनामीचा खटला भरला आणि ते हरले. 2023 मध्ये स्वित्झर्लंडच्या सरकारी वकिलांनी नेझ्झार यांच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचं आरोपपत्र ठेवलं. खटला उभा राहण्याआधीच, त्याच डिसेंबरमध्ये, ते वारले.

सगळ्या कत्तली सैन्यानेच केल्या असं म्हणणं मला पटत नाही. जीआयएची पत्रकं, तिच्यातून फुटलेल्या माणसांच्या साक्षी, वाचलेल्यांनी ओळखलेले शेजारपाजारचे चेहरे, हे सगळं एकीकडे सारता येत नाही. पण सैन्याचे हात स्वच्छ होते असं म्हणणंही तितकंच अशक्य आहे. पोलीस आणि सैनिकांनी उचलून नेलेली आणि परत न आलेली माणसं किती? सरकारनेच नेमलेल्या आयोगाने 6,146 असा आकडा दिला. घरच्यांच्या संघटना याहून जास्त सांगतात.

मधला रस्ता होता का? होता. जानेवारी 1995 मध्ये रोममध्ये सान्त एजिदियो या कॅथॉलिक संस्थेच्या पुढाकाराने फिस, एफएलएन आणि समाजवादी पक्ष एकत्र बसले. हिंसा थांबवू, निवडणुकीचा निकाल मानू, सत्ता सोडायची वेळ आली तर सोडू, असा मसुदा सह्यांनिशी तयार झाला. सरकारने तो झटक्यात फेटाळला. जीआयएला तर तो नकोच होता. लष्करातले ‘यांचं समूळ उच्चाटन करा’ म्हणणारे आणि जीआयए, यांचं एका मुद्द्यावर एकमत होतं: मधल्या माणसाला जागा नको.

शेवट कसा झाला

21 सप्टेंबर 1997 ला, म्हणजे बेन्तल्हाच्या आदल्या दिवशी, एआयएसच्या मेझरागने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. जीआयएच्या पापांचं खापर आमच्यावर नको, हे त्यामागचं एक कारण. 1998 मध्ये जीआयएमधूनच हसन हत्ताबचा गट फुटला. आम्ही सामान्य लोकांना मारणार नाही, एवढ्या एका वाक्यावर त्याने माणसं खेचून घेतली. हाच गट 2007 मध्ये अल-कायदाची उत्तर आफ्रिकेतली शाखा झाला.

1999 मध्ये अब्देलअझीझ बुतेफ्लिका राष्ट्राध्यक्ष झाले. शस्त्र खाली ठेवणाऱ्यांना माफी देणारा कायदा आला, सप्टेंबरमध्ये त्यावर सार्वमत झालं आणि जानेवारी 2000 मध्ये एआयएस विसर्जित झाली. हजारो माणसं डोंगरातून घरी परतली. झुआब्री फेब्रुवारी 2002 मध्ये बुफारिक गावात मारला गेला. तोवर जीआयए म्हणजे काही डझन माणसांची टोळी उरली होती. तिला संपवण्यात सैन्याचा वाटा होताच. पण तिचा खरा पराभव त्याआधी झाला होता, तिच्याच मोहल्ल्यांत, ज्या दिवशी लोकांनी तिच्यासाठी दार उघडणं बंद केलं.

2005 मध्ये आणखी एक सार्वमत झालं आणि फेब्रुवारी 2006 मध्ये त्याचा कायदा आला. त्याने सुरक्षा दलांवर खटले भरायची वाट बंद केली. त्याच्या 46 व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे. या काळाच्या जखमा उकरून सरकारी संस्थांना किंवा सैन्याला कमीपणा आणला, तर तीन ते पाच वर्षं तुरुंग. अधिकृत भाषेत या युद्धाला युद्ध म्हणतच नाहीत, ‘राष्ट्रीय शोकांतिका’ म्हणतात. शोकांतिकेत कसं, कर्ता नसतो.

म्हणून पुढच्या वेळी ‘ते सगळे सारखेच’ असं कुणी म्हणालं, तर जीआयएने सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त कुणाला मारलं ते सांगा. सहरावी इमाम होते, जाऊत कवी होते, बेन्तल्हाचे लोक भाविक मुसलमान होते. मुलींना रोज शाळेत सोडणाऱ्या आयाही तशाच. आणि ‘सगळा दोष सरकारचाच’ असं कुणी म्हणालं, तर ग्वेमारची तारीख सांगा आणि सईद-रज्जामचं काय झालं ते सांगा. लष्कराने निवडणूक रद्द करून मोठं पाप केलं. ज्यांच्यावर तो अन्याय झाला त्यांतल्या एआयएसने बंदूक घेतली आणि ती खालीही ठेवली. जीआयएने जे केलं ते तिने निवडून केलं.

अल्जियर्समध्ये 1998 पासून बेपत्ता मुलांच्या आया हातात फोटो घेऊन मानवी हक्क कार्यालयासमोर दर आठवड्याला उभ्या राहू लागल्या. कायदा आला तरी त्या येत राहिल्या. 2019 मध्ये बुतेफ्लिकांविरुद्ध लाखो लोक शांतपणे रस्त्यावर उतरले, तेव्हाही मोर्च्यांत ते फोटो होते. काही आया तोवर वारल्या होत्या. त्यांच्या जागी मुली उभ्या होत्या.